अस्वल मेलं, पंचनामा झाला, पुढे काय?

वऱ्हाडातल्या डोंगरकाठच्या एका गावातून, ग्रामपंचायतीत नव्यानेच निवडून आलेल्या एका तरुण सदस्याने हा प्रश्न विचारलाय. प्रश्न लांब आहे, मी आवरून सांगतो. गावाबाहेरच्या नाल्यात अस्वलाची मादी मेलेली सापडली. वनखात्याने पंचनामा केला, तालुक्याच्या डॉक्टरांनी पोस्टमार्टम केलं, अंधार पडायच्या आत शव जाळलं आणि कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' लागलं. गाव म्हणतं, डुकरासाठी लावलेल्या करंटच्या तारेवर गेली ती. त्यातच मार्चमध्ये मोह वेचायला गेलेल्या गावातल्या एका बाईचा चेहरा अस्वलाने फाडलाय. त्यामुळे अर्धं गाव म्हणतं, "पिंजरा लावा, नाहीतर आमचं आम्ही पाहून घेऊ." त्यांना तीन गोष्टी हव्यात: हे तपासतं कोण, पिंजरा लागू शकतो का, आणि ज्याच्या शेतात तार होती तो आत जाईल का.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन विकास अधिकारी होतो. भरती गाईम्हशींसाठी झाली, पण जंगलालगतचा दवाखाना मिळाला की वनखात्याची जीप दारात उभी राहतेच. रोही (नीलगाय), डुक्कर, बिबट, अस्वल, सगळ्यांची पोस्टमार्टम केली. तेव्हा शवापासूनच सुरू करतो, कायदा नंतर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाव म्हणतं म्हणून तारच, असं मी म्हणणार नाही. अस्वल नैसर्गिकपणे मरतं. म्हाताऱ्या अस्वलाचे दात हिरडीपर्यंत झिजलेले असतात, अंगावर मांस नसतं. जिथे वाघ आहे तिथे वाघही अस्वल मारतो. डोंगरकड्यावरून पडतं, रात्री रस्त्यावर गाडीखाली येतं. पण यातलं प्रत्येक कारण शवावर काहीतरी लिहून जातं. 'नैसर्गिक' लिहायचं तर कोणतं नैसर्गिक, हे अहवालात यायला हवं. कारण न लिहिता नुसता 'नैसर्गिक मृत्यू' असा शेरा दिसला, तर पोस्टमार्टम घाईत उरकलं असं समजायला हरकत नाही.

अस्वलात तपासणी अवघड होते ती केसांमुळे. मानेवर आणि खांद्यावर वीतभर लांब, काळा, दाट केस. खालची कातडी सैल. क्लच वायरचा फासा कमरेला आवळून आत मांसात रुतलेला असतो आणि वरून जनावर अगदी धडधाकट दिसतं. अशा वेळी वास येतो, माशा एका पट्ट्यावरच बसतात, आणि हात फिरवला की बोट खाचेत जातं. लांबून पाहणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही. करंटचंही तेच. वाघाच्या पिवळ्या अंगावर भाजल्याचा डाग उठून दिसतो. अस्वलाच्या काळ्या केसांत तो हरवतो. म्हणून नाक, ओठ आणि चारही पंजांचे तळवे आधी पाहायचे, कारण तिथे केस नाहीत. तळव्यावर मधे काळपट खड्डा आणि भोवती फिकट, किंचित उंचावलेली कड दिसली तर तो करंटचा शिक्का. केस चिमटीत धरून पाहायचे. करपलेल्या केसाचं टोक वळलेलं, ठिसूळ असतं आणि बोटांत मोडतं. मग कातडी सोलून आतली बाजू बघायची. सोलल्याशिवाय अस्वलाचं पोस्टमार्टम झालंच नाही असं मी धरतो.

आणि तरीसुद्धा, ओल्या जमिनीवर, घरगुती दाबाच्या करंटने मेलेल्या जनावरावर कधीकधी जवळजवळ काहीच खूण राहत नाही. तेव्हा शवापेक्षा जागा जास्त बोलते. तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली गोष्ट हीच, की मादी नाल्यात सापडली. करंटवर मेलेलं जनावर शेतात ठेवत नाहीत, रातोरात ओढून नाल्यात, ई-क्लासच्या (सरकारी गायरान) जमिनीत किंवा जंगलाच्या हद्दीत टाकतात. अशा जनावराच्या एका बाजूचे केस उलटे फिरलेले असतात, त्यांत धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत, कपाशीच्या काड्या अडकलेल्या असतात. मादी मोठी असली तरी तीन-चार माणसं दोरी लावून ओढू शकतात. ओढल्याची रेघ शेतातून आली की जंगलातून, हे पहिल्या दोन तासांत दिसतं. गावभर गर्दी जमली की पुसलं जातं. तार काढून नेली तरी खुंट्यांची भोकं राहतात, एका ओळीत गवत करपलेलं राहतं.

नखं मोजली का, हेही विचारा. अस्वलाच्या प्रत्येक पंजाला पाच नखं, म्हणजे एकूण वीस. वाघ-बिबट्याची अठरा. पंचनाम्यात 'सर्व नखे शाबूत' एवढंच लिहून चालत नाही, आकडा हवा. पुढच्या पायाची नखं लांब, थोडी बाकदार, फिकट रंगाची. ताईत-लॉकेटवाल्यांची नजर त्यांच्यावरच असते. यकृताला चिकटलेली पित्ताची पिशवी होती का, हे अहवालात वेगळं लिहिलेलं असावं. अस्वलाच्या पित्ताला परदेशी चोरट्या बाजारात औषध म्हणून भाव आहे, त्यामुळे पोट फाडून एवढी एकच वस्तू काढून नेलेली शवं मिळतात. बाकी चरबी सांधेदुखीवर आणि केस लहान लेकरांच्या गळ्यात, हे आपल्याकडे आठवडी बाजारात अजून चालतं. दरवेशी अस्वल नाचवायचे तेव्हा आपण लहानपणी पैसे देऊन त्याचा केस घेतलाय. २००९ च्या सुमारास देशातले नाचवायचे अस्वल जवळपास संपले, पण केसाचं गिऱ्हाईक संपलं नाही.

व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, पाठवला का, आणि कशात पाठवला? ही बारीक गोष्ट वाटते, पण खटले इथेच मरतात. विषाची तपासणी करायची तर पोट, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचे. पेशींची तपासणी करायची तर दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये. एकाच बरणीत फॉर्मॅलिन ओतून सगळं पाठवलं की न्यायवैद्यक प्रयोगशाळा विषाबद्दल काही सांगू शकत नाही, आणि मग 'विष आढळले नाही' हे वाक्य नैसर्गिक मृत्यूचा पुरावा म्हणून फाइलला लागतं. करंटचा संशय असेल तर डागाची कातडी वेगळी घ्यायची. सील, पंचांच्या सह्या, पाठवल्याचं पत्र, पोच. तालुक्याच्या डॉक्टरला हे शिकवलेलं असतं का? थोडंफार. नागपूरला गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या लोकांना फोन करता येतो. पण वनखात्याची माणसं शेजारी लाकडं रचून उभी असतात आणि "डॉक्टर, दिवस मावळतोय" म्हणत असतात, तेव्हा कोण फोन करतो?

आता देखरेखीचा मुद्दा. वाघ मेला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची ठरलेली कार्यपद्धती आहे. उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक मृत्यू शिकारच धरायचा, पोस्टमार्टमला बाहेरचा माणूस हजर हवा, फोटो, व्हिडिओ, दिल्लीला अहवाल. त्या कागदाला दुसरा वाचणारा आहे, हे खालच्या वनरक्षकापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे नीट लिहितात. अस्वलाच्या कागदाला दुसरा वाचणारा नाही. वनरक्षक लिहितो, वनपाल सही करतो, वनपरिक्षेत्र अधिकारी पुढे पाठवतो आणि फाइल बांधली जाते. वन्यजीव कायद्यात दोघंही अनुसूची एकमध्येच, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षणाच्या यादीत आहेत. शिक्षा तीच, कलमं तीच. फरक फक्त कागद कोण उघडून पाहणार एवढाच.

दुसरं असं की अस्वल मोजलेलं नाही. वाघाचे पट्टे ट्रॅप कॅमेऱ्यात ओळखता येतात, म्हणून २००६ पासून दर चार वर्षांनी देशाचा आकडा निघतो आणि एक वाघ दिसेनासा झाला तर कोणीतरी विचारतं. अस्वल सगळी काळी. छातीवरचा पांढरा पट्टा प्रत्येक फोटोत येत नाही. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून केलेली गणना हौसेची आहे, चांगलीच हौस आहे, पण तिच्यावरून 'दोन कमी झाले' असं म्हणता येत नाही. आपल्या ज्ञानगंगा अभयारण्याचंच घ्या. अस्वलांसाठी हा डोंगर आधीपासून प्रसिद्ध, पण राज्याला त्याचं नाव कळलं ते २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातला गळपट्टा लावलेला वाघ चालत तिथे पोहोचला तेव्हा. आणि बहुतेक अस्वलं अभयारण्यात नाहीतच. ती प्रादेशिक वनविभागाच्या जंगलात, वन विकास महामंडळाच्या सागाच्या रोपवनात, महसुलाच्या टेकड्यांवर आणि मक्याच्या शेतात आहेत. वाघासाठीचं विशेष संरक्षण दल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत फिरतं. हद्दीबाहेर एक वनरक्षक, त्याच्याकडे पाच-सहा गावं, अतिक्रमणाचे दावे, वणवा, रोपवाटिका आणि एक मोटारसायकल. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याने शिकारीचा गुन्हा नोंदवला की तपास, पंच, न्यायालयाच्या तारखा त्याच्याच गळ्यात, आणि 'तुझ्या बीटात (हद्दीत) शिकार झाली कशी' ही नोटीसही त्यालाच. 'नैसर्गिक' लिहिलं तर यातलं काहीच नाही. माणूस काय लिहील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तारेकडे येतो. डुकरांनी रात्रीत एकराचा मका लोळवला की शेतकऱ्याच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे, माझ्या घरीही शेती आहे. म्हणून शेतकऱ्याला मी शिकाऱ्यांच्या रांगेत उभं करत नाही. पण धुऱ्यावर जीआय तार ओढून तिला मोटारीच्या पेटीतून किंवा थेट खांबावर आकडा टाकून करंट देणं म्हणजे काय, हे त्याला कोणीतरी सरळ सांगायला हवं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच फासा लावणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं आणि तसा प्रयत्न करणं येतं. "सायेब, तार डुकरासाठी होती, आमाले काय मालूम अस्वल येईन म्हनून," हे मी कितीतरी धुऱ्यांवर ऐकलंय आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. न्यायालयात मात्र त्याने सुटका होत नाही, कारण विनापरवाना डुक्कर मारणंही गुन्हाच आहे. अनुसूची एकच्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार दंड. दंड भरून प्रकरण मिटवायची सोय या गुन्ह्यात नाही. वर वीजचोरीचं कलम वेगळं. आणि त्या तारेवर शेजारचा गडी रात्री मोटार सुरू करायला जाताना मेला तर सदोष मनुष्यवध. अशी माणसं मेली आहेत, बातम्या तुम्हीही वाचता.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तार होती हे सिद्ध झालं तर हो, तो आत जाऊ शकतो. सिद्ध कसं होतं? इथे एक पुरावा आहे जो वनखातं क्वचितच मागतं. ११ केव्हीच्या लाइनवर आकडा टाकलेल्या तारेला मोठं जनावर चिकटलं की बऱ्याचदा फीडर, म्हणजे गावाला वीज देणारी वाहिनी, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. महावितरणच्या उपकेंद्रात ऑपरेटरच्या लॉगबुकात ट्रिपिंगची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. मादी मेली त्या रात्री तुमच्या गावच्या फीडरला किती वाजता काय झालं, हे एका पत्राने कळतं. लाइनमनला तर सकाळीच माहीत असतं. हा कागद कोणी जाळत नाही, आणि तुमच्या प्रकरणात शव गेल्यावर मी सगळ्यात आधी तोच मागेन. घरगुती दाबाची तार असेल तर लॉगबुकात काही दिसणार नाही, तेव्हा नोंद नाही म्हणून तार नव्हती असं मात्र धरू नका.

तारेऐवजी काय? सौर कुंपण. त्यात बॅटरीवरच्या यंत्रातून सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्या बारीक तुकड्यापुरता झटका येतो. जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. घरच्या वीजमीटरमधून सलग वाहणारा करंट स्नायू आखडून धरतो, सुटूच देत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणाला अनुदान मिळतं. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात. बाजारात मिळणारं 'झटका मशीन' मात्र नीट पाहून घ्या, त्यात मेनलाइन जोडायची सोय करून विकणारे महाभाग आहेत. अस्वलाच्या बाबतीत एक अडचण सांगून ठेवतो: लांब केसांमुळे झटका अंगाला बसत नाही, नाकाला बसतो. म्हणून खालची तार अस्वलाच्या नाकाच्या उंचीवर हवी, आणि तिला गवत लागता कामा नये.

पीक नुकसानीची भरपाई वेळेत मिळाली असती तर निम्म्या तारा निघाल्या असत्या, असं माझं मत आहे. आणि शेतीची वीज रात्रीची असते हा दुसरा घोळ. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, या पाळीमुळे माणूस अंधारात बॅटरी घेऊन मोटारीवर जातो, नेमका अस्वल मक्यात असतं त्या वेळी. सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा वीज मिळणार आहे. ती ज्या गावांना आधी द्यायची त्यांच्या यादीत जंगलालगतची गावं वर असावीत, हा ठराव तुमच्या ग्रामसभेत करा; फुकट आहे आणि उपयोगाचा आहे.

तारेशिवाय दोन प्रकार थोडक्यात. एक गावठी बॉम्ब: कणकेत, चरबीत किंवा माशाच्या आतड्यात गुंडाळलेला स्फोटकाचा गोळा, डुकरासाठी वाटेवर टाकतात. अस्वल गोड-खारट वासाला जातं आणि चावतं. जबडा फाटतो, जनावर आठवडाभर उपाशी हिंडून मरतं, आणि त्या काळात भेटेल त्याच्यावर धावून जातं. शव मिळालं की तोंडाला किडे पडलेले असतात, म्हणून 'जखम सडल्याने मृत्यू' असं लिहून मोकळे होतात. यात स्फोटक पदार्थ कायदाही लागतो. दुसरा लोखंडी खटका, दोन जबड्यांचा. ते व्यावसायिक टोळ्यांचं काम; २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात पळसगावकडे दोन वाघ अशाच खटक्यांत सापडले, एक तिथेच मेला. अस्वल अशा सापळ्यात चुकून सापडतं आणि टोळी त्याचंही काही वाया घालवत नाही. गावात कोणी अनोळखी तंबू टाकून बसलंय, लोहाराकडे विचित्र काम देतंय, तर कळवा. पण एखाद्या जमातीचं नाव घेऊन पालावर धावून जाऊ नका. तार लावणारा बहुतेक वेळा आपल्याच गावचा, आपल्याच आडनावाचा असतो.

आता पिंजरा. गावाचा राग मला समजतो. अस्वलाने फाडलेला चेहरा पाहिलेला माणूस शांतपणे बोलू शकत नाही. पण कायद्यात पकडणंसुद्धा शिकारच आहे. अनुसूची एकच्या प्राण्याला पकडायची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, तीही लेखी, कारणं नोंदवून, आणि प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी आहे हे पटल्यावर. पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं यातलं काहीच शक्य नसेल तरच मारण्याचा आदेश निघतो. तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने गावाच्या दबावाखाली स्वतःहून पिंजरा लावला तर तो स्वतः अडचणीत येतो. हे त्याला माहीत आहे, म्हणून तो टोलवतोय. तुम्हाला ती टाळाटाळ वाटते, या बाबतीत ती नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मोहाच्या हंगामात झालेल्या हल्ल्याला पिंजरा हे उत्तर नाही. अस्वलाची नजर अधू, कान सुमार, नाक मात्र जबर. वारूळ उकरून त्यात तोंड घालून उधई (वाळवी) ओढत असतं तेव्हा स्वतःच्याच आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. तो आवाज शांत रात्री शंभर पावलांवर ऐकू येतो. मोहाखाली ते रात्री येतं आणि उजाडेपर्यंत असतं. बाया पहाटे चारला टोपली घेऊन जातात, गुपचूप, कारण दुसऱ्याने आपल्या झाडाची फुलं नेऊ नयेत. दोघांची गाठ चार हातांवर पडते. ते घाबरून उभं राहतं, आणि नखं थेट डोक्यावर, चेहऱ्यावर येतात. ते माणूस खायला येत नाही. उद्या तिथे पिंजऱ्यात गुळाची भेली आणि मोह ठेवला तर तेच अस्वल सापडेल याची खात्री कोण देणार? पिलं साधारण हिवाळ्यात होतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर फिरतात. मादी पकडली तर कपारीतली पिलं उपाशी मरतात, आणि पिंजऱ्यातली मादी गज चावून दात आणि नखं मोडून घेते. पिंजऱ्यातून काढलेल्या अस्वलाचे मोडलेले सुळे मी हाताने तपासलेत. असं जनावर पुन्हा सोडलं तर जंगलात किती टिकेल ते तुम्हीच ठरवा.

नाल्यात मेलेली तुमची मादी पिलांवर होती का, हे पोस्टमार्टममध्ये कळायला हवं होतं: आचळं दुधाने भरलेली होती का. अहवालात ते नसेल तर विचारा. पिलं जवळपास असतील तर ती रात्री ओरडतात, आणि गावकुत्री त्यांना आधी शोधतात.

काय करता येईल ते साधं आहे. मोहाला उजाडल्यावर जा, चार जणी मिळून, बोलत जा. कोणतं झाड कोणाचं हे ग्रामसभेने हंगामाआधी ठरवलं तर पहाटेची शर्यतच संपते. हे काही गावांनी केलंय आणि माझ्या मते पिंजऱ्यापेक्षा उपयोगी आहे. झाडाखालचा पाला जाळू नका, त्यानेच वणवे लागतात. कठडा नसलेल्या विहिरींना कठडे बांधा. आणि अस्वल विहिरीत पडलं तर बेशुद्धीच्या बंदुकीसाठी नागपूरकडे डोळे लावून बसू नका. वनखात्याला कळवा, मजबूत शिडी किंवा फांद्यांसकट लांब खोड आत सोडायला लावा, गर्दी हाकला, दिवे विझवा. बहुतेक अस्वलं रात्रीतून आपली आपण चढून जातात. गर्दी हटवणं हेच यातलं खरं अवघड काम.

जखमी बाईबद्दल दोन गोष्टी लगेच बघा. रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं का? रानटी प्राण्याची, चेहऱ्यावरची, रक्त आलेली जखम म्हणजे सर्वांत वरची श्रेणी. साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुणं, आणि लस सगळ्या तारखांना. गावच्या डॉक्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन टाके घालून पाठवलं असेल तर आजच जिल्हा रुग्णालयात न्या. दुसरं, सानुग्रह मदत. ऑगस्ट २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे मृत्यूला २५ लाख, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख, गंभीर जखमेला ५ लाख. डोळा गेला असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला विसरू नका. 'गंभीर जखमी' म्हणून प्रकरण मंजूर झालं की ते बदलून घेताना चपला झिजतात. हल्ला झाल्याबरोबर वनरक्षकाला किंवा १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवलं होतं का, तेही नोंदीत पाहा.

आणि स्वतःचा जीव वाचवताना अस्वलाला कुऱ्हाड लागली, ते मेलं, तर? वन्यजीव कायद्याच्या कलम ११(२) प्रमाणे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावात सद्हेतूने मारणं गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत नसाल तरच. फासे तपासायला गेलेल्याला ही सवलत नाही. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं, ते लपवायचं नाही. लपवलं की बचावाचं प्रकरण शिकारीचं होतं.

राहता राहिलं, तपासायचं कोणी. जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षक असतात, त्यांना आधी फोन करा. चांगला माणूस असेल तर उपवनसंरक्षकाच्या टेबलावर प्रकरण पुन्हा जातं. माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा, तीस दिवसांची मुदत. 'अस्वलाच्या मृत्यूची माहिती द्या' असं मोघम लिहू नका, मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं. मागायचे कागद नावाने मागा: प्राथमिक गुन्हा अहवाल नोंदवला असल्यास त्याचा क्रमांक आणि तारीख, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमार्टम अहवाल, नखं-दात-पित्ताशयाची नोंद, व्हिसेरा पाठवल्याचं पत्र आणि प्रयोगशाळेची पोच, शव जाळतानाचे फोटो आणि हजर असलेल्यांच्या सह्या. गुन्हाच नोंदवला नसेल तर 'तपास सुरू आहे' म्हणून माहिती नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवा. महावितरणला वेगळा अर्ज, त्या रात्रीच्या फीडर नोंदीसाठी. पोच जपून ठेवा.

एवढं करूनही हलत नसेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ५५ मध्ये एक दार आहे, फारसं कोणी वापरत नाही. कोणीही नागरिक साठ दिवसांची रीतसर नोटीस देऊन, गुन्हा काय आणि आपण तक्रार करणार आहोत हे कळवून, थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. वकिलाची मदत लागेल. नोटीस गेली की फाइल बहुधा साठ दिवस संपायच्या आधीच उघडते.

ग्रामसभेलाही हात आहेत. सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीवांचं रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. त्या अधिकारात एक साधा ठराव करा: यापुढे शिवारात अस्वल, बिबट किंवा वाघ मेलेला सापडला तर ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी पंच म्हणून बोलवावेत, आणि पोस्टमार्टमची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. पंच म्हणून कोणालातरी घ्यावंच लागतं, मग ठरवलेले दोन का नकोत? त्यांना वीस नखं मोजायला आणि तळवे उलटून बघायला मी एका दुपारी शिकवून देईन. फक्त ज्याच्या शेतात तार असते त्याच्या भावकीतला पंच नेमू नका.

तुमच्या मादीचं शव गेलं, पण शव जाळलेल्या जागेवर राखेत हाडं, दात, नखांचे तुकडे राहतात. ती जागा पावसाआधी पाहता आली तर वनखात्याच्या माणसासमोरच पाहा, स्वतः काही उचलू नका. उचललेलं नख खिशात सापडलं तर उद्या आरोपी तुम्हीच.